राजवाड्याचा पडदा आणि रणगाड्याचा सिम्युलेटर

गोव्यात चिखलीला बहिणीच्या घरी बसलं की बोलणं मध्येच थांबवावं लागतं. दाबोळीच्या धावपट्टीवरून नौदलाचं मिग-२९के लढाऊ विमान उठतं, खिडक्यांच्या काचा थरथरतात, सगळे गप्प होतात. आवाज समुद्राकडे विरला की वाक्य जिथं तुटलं तिथून पुन्हा सुरू होतं.

२८ एप्रिल २०२५ रोजी भारताने नौदलासाठी २६ राफेल-मरीन विमानं घेण्याचा करार फ्रान्सशी केला. तेव्हापासून त्या घरात हा विषय सारखा निघतो. भाचा सैन्यभरतीची तयारी करतोय, त्यामुळे बातमीतली ओळ न् ओळ त्याला पाठ. परवा त्याने विचारलं, "मामा, या करारात विमानांबरोबर सिम्युलेटरसुद्धा आहेत. पण मिगचा सिम्युलेटर आपल्याकडे होताच की. विमान नवं म्हणून सिम्युलेटरही नवा कशाला? आतला समुद्र तोच, जहाजंही तीच."

प्रश्न नेमका आहे आणि त्याचं उत्तर "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात देता येत नाही. सिम्युलेटरमधलं बरंचसं सामान एका शस्त्रासाठी बनवून दुसऱ्यासाठी वापरता येतं, वापरायलाच हवं. काही सामान मात्र तसं वापरलं तर माणूस चुकीचं शिकतो. कुठलं कुठल्या गटातलं हे नीट कळलं तर यातला पैसा, वेळ आणि धोका, तिन्ही समजतात.

पेटीच्या भात्यातून निघालेलं विमान

सिम्युलेटर म्हणजे खरं यंत्र न वापरता ते वापरण्याचा सराव देणारी व्यवस्था. तिची सुरुवातच मुळी जुन्या सामानाच्या नव्या वापरातून झाली. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या घरचा धंदा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा. १९२९ साली त्याने ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप घेऊन एक लाकडी खोकं असं बसवलं की आत बसलेल्या माणसाने दांडा ओढला की खोकं विमानासारखं कलायचं, वळायचं. आपल्याकडच्या पेटीत जो भाता सूर धरतो, तोच तिथे वैमानिकाला डोलवत होता. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक या खोक्यात बसून शिकले.

लिंकच्या खोक्याला खिडकीबाहेरचं जग नव्हतं. आजच्या सिम्युलेटरचे दोन भाग करून बघा. एक भाग हाताला लागणारा: खुर्ची, दांडा, बटणं, पडदे, हलणारा पाया. दुसरा भाग संगणकात असलेलं जग: जमीन, समुद्र, ढग, शत्रूची वाहनं, गोळा कसा उडतो याचं गणित, आवाज आणि ज्यातून सराव घडतो ते प्रसंग. फोटोत पहिला भाग दिसतो, म्हणून आपण त्यालाच सिम्युलेटर समजतो. खरी मेहनत दुसऱ्या भागात असते.

याचा दाखला दाबोळीशीच जोडलेला आहे. २०१६ साली संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात मिग-२९के विमानांच्या ताफ्यावर बरीच टीका होती. त्यातला एक मुद्दा असा, की या विमानांचा सिम्युलेटर वैमानिकांना विमानवाहू जहाजावर उतरण्यासाठी तयार करायला योग्य ठरला नाही, कारण त्यातली दृश्यं त्या कामाला पुरी पडत नव्हती. यंत्र होतं, पण त्याच्या आतलं जग कमी पडलं.

जत्रेतलं नाटक आठवा

गावच्या जत्रेत नाटक ठरलं की पडदे आणि ड्रेपरी भाड्याने येते. राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा, देवळाचा पडदा. शिवकालीन नाटकात जो राजवाडा आग्र्याचा दरबार होतो, तोच पुढच्या गावात पौराणिक नाटकात हस्तिनापूर होतो. तलवारी, ढाली, मुकुट, सिंहासन यांना नाटकवाले 'प्रॉपर्टी' म्हणतात. सिम्युलेशनवाले त्यांच्या अशाच सामानाला 'अ‍ॅसेट' म्हणतात. आपण त्याला साधं 'सामान' म्हणूया.

एका रणगाड्याचं त्रिमिती चित्र, म्हणजे सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येईल असं संगणकातलं चित्र, हा सामानाचा एक नग. वाळवंटाचा नकाशा दुसरा नग. पावसाची सर तिसरा. हे एकदा नीट बनवलं की रणगाड्याच्या गोलंदाजाला शिकवताना वापरा, हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला शिकवताना वापरा किंवा पायदळाच्या तुकडीला. नाटक बदलतं, पडदा तोच.

आणि पडदा हुबेहूब असायलाच हवा असंही नाही. पेडण्याकडे दशावतारात एक बाकडं असतं. राजा बसला की ते सिंहासन. प्रेक्षकाला शंका येत नाही, कारण त्या प्रवेशात महत्त्वाचा असतो तो संवाद. रस्ता शोधायला शिकवताना झाडाची पानं मोजत बसायची गरज नसते. पण लपलेला माणूस ओळखायला शिकवायचं असेल, तर तेच पान जीवन-मरणाचा प्रश्न होतं. किती हुबेहूब हवं, हे काय शिकवायचं आहे त्यावरून ठरतं. विकणाऱ्याच्या चकचकीत चित्रफितीवरून ते ठरवू नये.

एक उंचवटा, चार विमानं

नाटकाचं उदाहरण लांबचं वाटत असेल तर दाबोळीलाच परत येऊ. तिथे नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर विमानवाहू जहाजाच्या डेकची जमिनीवरची प्रतिकृती आहे. पुढच्या टोकाला वर उचललेला उतार, जिथून विमान हवेत फेकलं जातं. उतरण्यासाठी आडव्या तारा, ज्यांत विमानाच्या शेपटाखालचा हूक अडकतो आणि विमान काही क्षणांत थांबतं. हा संगणकातला सिम्युलेटर नव्हे. तरी काम तेच: जहाज समुद्रात न नेता, बुडण्याचा धोका न पत्करता सराव आणि चाचणी.

आपल्या तेजसच्या नौदल आवृत्तीने डिसेंबर २०१४ मध्ये या उतारावरून पहिलं उड्डाण केलं आणि १३ सप्टेंबर २०१९ रोजी इथल्याच तारा पकडून ते पहिल्यांदा थांबलं. मिग-२९केचे वैमानिक इथेच सराव करतात. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या राफेल-मरीनने आणि त्याच वर्षी मे-जूनमध्ये अमेरिकेच्या सुपर हॉर्नेटने याच उतारावरून उडून दाखवलं. चार विमानं, चार देशांची घडण, उंचवटा एकच.

म्हणून भाच्याचा प्रश्न बरोबर. डेक तोच असेल, तर प्रत्येक विमानासाठी डेक पुन्हा बांधू नये. संगणकातला विक्रांतही एकदाच नीट बांधावा. २ सप्टेंबर २०२२ रोजी ते जहाज नौदलात आलं. त्याची लांबी-रुंदी विमानागणिक बदलत नाही.

मग सगळंच का चालत नाही?

इथे मी भाच्याला त्याच्या आजोबांच्या बुलेटची आठवण करून दिली. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असे. नंतरच्या गाड्यांत नेमकं उलट. आजोबांनी वयाच्या साठीत नवी गाडी घेतली. साध्या रस्त्यावर त्यांना काही अडचण नव्हती. एकदा बोरीच्या उतारावर समोर गुरं आली, आणि ब्रेक समजून त्यांनी गिअर दाबला. सुदैवाने खरचटण्यावर निभावलं.

घाईत पाय डोक्याला विचारत नाही, तो सवयीला विचारतो. प्रशिक्षणाच्या भाषेत याला उलटं प्रशिक्षण म्हणता येईल: सरावानेच चुकीची सवय लागणं. सामान सरसकट वापरण्यातला खरा धोका हाच आहे आणि मला तो पैशाच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो.

आपल्या लष्कराचे दोन रणगाडे घ्या. टी-९० मध्ये तीन माणसं बसतात: कमांडर, गोलंदाज, चालक. १२५ मिलिमीटरच्या तोफेत गोळा भरण्याचं काम यंत्र करतं. अर्जुनमध्ये चार माणसं बसतात. १२० मिलिमीटरच्या तोफेत गोळा भरणारा चौथा माणूस असतो. आता बघा, दोघांच्या सिम्युलेटरमध्ये वाळवंट तेच चालेल, शत्रूचे रणगाडे तेच, धूळ आणि उन्हाची तिरीप तीच, प्रशिक्षकाचा गुण देण्याचा पडदाही तोच. पण टी-९० च्या गोलंदाजाला एका गोळ्यानंतर दुसऱ्या गोळ्यासाठी यंत्राची लय अंगवळणी पडलेली असते. अर्जुनमध्ये ती लय एका माणसाच्या दंडातून येते, त्याच्याशी बोलावं लागतं, तो दमतो. गोळ्याच्या मार्गाचं गणितही वेगळं. अर्जुनच्या खुर्चीपुढे टी-९० चं गणित ठेवून सराव करून घेतला, तर तो आजोबांच्या पायासारखा पक्का होईल, आणि नेमका नको त्या वेळी बाहेर येईल.

थोडक्यात, डोळ्यांपुढचं सामान बहुतेक वेळा वाटून घेता येतं. हात, पाय आणि घड्याळ यांना बांधलेलं सामान त्या-त्या शस्त्राचंच हवं. टी-७२ आणि टी-९० मध्ये माणसं तीनच, तोफही १२५ मिलिमीटरचीच. तिथे तर जास्तच सांभाळावं लागतं, कारण साम्य जितकं जास्त, तितका उरलेला फरक लक्षातून निसटतो.

झाड मला दिसतं, तुला दिसत नाही

एका सिम्युलेटरचं सामान दुसऱ्यात भरणं ही एक गोष्ट. दोन वेगळे सिम्युलेटर तारेने जोडून एकाच लढाईत उतरवणं ही त्याच्या पुढची. अमेरिकेने १९८३ साली सिमनेट नावाच्या प्रकल्पात हे करायला घेतलं: दूरदूरच्या तळांवर बसलेले रणगाडा-चालक एकाच आभासी मैदानात. त्यातून पुढे सिम्युलेटरनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम बनले. १९९३ चा डीआयएस आणि २००० चा एचएलए हे त्यांतले ठळक.

कल्पना व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं लोकेशन पाठवण्यासारखी आहे. प्रत्येक सिम्युलेटर इतरांना सांगत राहतो: मी इथे आहे, या दिशेला चाललोय, या वेगाने. पुढचा निरोप येईपर्यंत बाकीचे अंदाजाने त्याला पुढे सरकवतात. हैदराबादेत बनलेला आणि परदेशात बनलेला सिम्युलेटर एकमेकांशी बोलू शकतात ते या सामायिक भाषेमुळे.

पण भाषा एक असली तरी पडदा वेगळा असू शकतो. समजा तुमच्या जगात टेकडीवर काजूची झाडी आहे आणि माझ्या जगात ती टेकडी बोडकी आहे. तुम्ही झाडीआड लपला आहात अशा समजुतीने निर्धास्त. मला मात्र तुम्ही मोकळ्या माळावर उभे दिसता. मी गोळा टाकतो, तुम्ही 'मरता', आणि दोघंही चुकीचा धडा घेऊन घरी जातो. तुम्हाला वाटतं आडोसा निरुपयोगी असतो. मला वाटतं शत्रू मूर्ख आहे. म्हणून जमीन, झाडं आणि इमारती शक्य तितक्या एकाच मूळ साठ्यातून यायला हव्यात. साठा एक ठेवा, आणि ज्याला जेवढं लागतं तेवढं त्यातून घेऊ द्या.

संगणकातला गोवा किती जुना?

लोक म्हणतात, तेच तेच वापरलं तर जुनाट होणार नाही का? होणार. आणि हे समजायला गोव्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

कल्पना करा, २०१५ साली कुणी किनाऱ्याचा आभासी नकाशा बनवला आणि हेलिकॉप्टरच्या सरावाला दिला. त्यात मांडवीवर अटल सेतू नाही, कारण तो जानेवारी २०१९ मध्ये उघडला. झुवारीवरचा नवा पूल आणि त्याचे उंच खांब नाहीत. मोपाचं पठार नुसतं पठार आहे. जानेवारी २०२३ पासून तिथे विमानतळ चालू आहे. अशा नकाशावर पुराच्या वेळच्या बचावाचा सराव केलेला वैमानिक खऱ्या झुवारीवर धुक्यात आला, तर जिथे मोकळं आकाश अपेक्षित आहे तिथे काँक्रीट आणि तारा.

दुसरं म्हणजे ऋतू. एप्रिलमधलं आपलं सडं, म्हणजे कातळाचं पठार, तांबूस-करडं, भाजलेलं. जुलैत तेच हिरवंगार, वर पाण्याची डबकी. वाहन जिथून एप्रिलमध्ये सरळ जातं तिथे जुलैत रुततं. खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीतल्या शेतीचे, बांध घ्या. उंचावरून ते केसाएवढ्या रेषा दिसतात, वैमानिकाला तेवढं पुरे. पायी चालणाऱ्या जवानाला मात्र बांधाची उंची हवी, मानस, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, कुठे आहे, भरतीला पाणी कुठवर चढतं हे हवं. एकाच जागेचं सामान दोन बारकाव्यांत ठेवावं लागतं. ढोबळ सामान जवानाला पुरत नाही, आणि बारीक सामान वैमानिकाच्या शेकडो किलोमीटरच्या दृश्यात ओतलं तर संगणक धापा टाकतो.

म्हणजे पुनर्वापर फुकट नसतो. पडदे वाळवीपासून जपावे लागतात, रंग पुन्हा भरावा लागतो. या साठ्याची देखभाल करणारी माणसं कायम नेमायला हवीत. हे काम कुणाच्या नजरेत भरत नाही, म्हणून खर्च कापायची वेळ आली की पहिली कात्री तिथेच लागते.

लोखंड आणि पाण्याचं सामान

सगळं सामान संगणकात मावत नाही हेही सांगायला हवं. आपल्या वास्कोच्या गोवा शिपयार्डने नौदलासाठी नुकसान-नियंत्रणाचे सिम्युलेटर बांधले आहेत. जहाजाला भोक पडून पाणी आत घुसलं की ते कसं बुजवायचं, याचा सराव तिथे खऱ्या पाण्यात भिजून होतो. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर २०१९ साली सुरू झालेली 'अभेद्य' ही अण्वस्त्र, जैविक आणि रासायनिक हल्ल्यापासून बचावाच्या सरावाची व्यवस्थाही गोवा शिपयार्डचीच. गार पाण्याचा झोत छातीवर आला की माणूस काय करतो, हे पडद्यावर शिकता येत नाही.

पण याही क्षेत्रात पुनर्वापर आहे. गोव्यातल्याच बेतुलला ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीचं समुद्रात जीव वाचवण्याच्या प्रशिक्षणाचं केंद्र आहे. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याचं उद्घाटन झालं. पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याच्या सरावासाठी जगभर जे सांगाडे वापरतात, त्यांची दारं-खिडक्या बदलता येतात. सांगाडा एकच, आज एका हेलिकॉप्टरची खिडकी, उद्या दुसऱ्याची. जे हाताने उघडायचं ते बदलायचं, बाकीचं ठेवायचं. रणगाड्याबाबत वर जे म्हटलं, तेच इथे लोखंडात.

गुपितं फुटणार नाहीत का?

सामान सगळीकडे फिरलं तर आपल्या क्षेपणास्त्राचा पल्ला शत्रूला कळेल, अशी भीती रास्त आहे. उपाय असा, की रूप आणि आकडे वेगळे ठेवायचे. विमान बाहेरून कसं दिसतं हे प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात लाखो लोक बघतात, ते चित्र खुशाल वाटावं. ते किती लांबून काय पाहू शकतं हे आकडे कुलूपबंद पेटीत, ज्याला गरज त्यालाच. सुट्या प्रशिक्षण केंद्रात ढोबळ आकडे, आघाडीच्या तुकडीला खरे. रूप आणि आकडे एकत्र ओतून बनवलेलं सामान मात्र एकतर कुलपात कुजतं नाहीतर फुटतं.

"बसून खेळून सैनिक तयार होतो का?"

बहिणीचा प्रश्न. नाही होत. तालमी कितीही केल्या तरी जत्रेच्या रात्री मांडवात हजार डोळ्यांपुढे उभं राहण्याचं भय वेगळंच. पण तालमीशिवाय कुणी मांडवात उतरत नाही. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी वेर्ण्याच्या पठारावर मिग-२९केचं प्रशिक्षणाचं विमान कोसळलं. दोन्ही वैमानिक वेळेत बाहेर पडले आणि वाचले. सिम्युलेटरने तो अपघात टळला असता असं मी म्हणणार नाही. पण इंजिनं बंद पडली तर हात कुठे न्यायचा, हे पहिल्यांदा अनुभवायची जागा खरं आकाश नसावी.

आणि वेळेचं गणितही आहे. अग्निपथ योजनेत जवानाची सेवा चार वर्षांची, त्यातच प्रशिक्षण. अशा जवानाला एकापेक्षा जास्त प्रकारची उपकरणं हाताळायची असतील, तर प्रत्येकासाठी वेगळं जग, वेगळे पडदे, वेगळी बटणं शिकण्यात महिने घालवणं परवडत नाही. जग ओळखीचं असलं तर नवं फक्त शस्त्र उरतं. त्याचं सगळं लक्ष तिथे जाऊ शकतं.

सामान कोणाचं?

भाच्याच्या प्रश्नाचा शेवटचा पदर हा. पुन्हा वापरता येतं हे माहीत असूनही जगभरातली सैन्यं तेच वाळवंट पुन्हा पुन्हा विकत का घेतात? कारण बहुतेकदा सिम्युलेटर शस्त्राबरोबर बंद डब्यात येतो. आतलं सामान बनवणाऱ्याच्या खास स्वरूपात साठवलेलं, ते उघडायची किल्ली त्याच्याकडे. पूल नवा झाला म्हणून नकाशात घालायचा तर त्यालाच बोलवा, त्याचंच बिल भरा. पडदे गावाच्या पैशाने शिवले, पण दुसऱ्या नाटकाला वापरायला शिंप्याची परवानगी, असा प्रकार.

सप्टेंबर २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने सैन्यदलांत सिम्युलेटरचा वापर वाढवण्यासाठी एक धोरण-आराखडा काढला. सर्व क्षेत्रांत सिम्युलेटरवर आधारित प्रशिक्षणाकडे वळायचं, ही त्यामागची दिशा. सिकंदराबादेत लष्कराचा सिम्युलेटर विकास विभाग आहे, देशी कंपन्या आहेत. म्हणजे बनवणारे हात इथे आहेत. माझं म्हणणं एवढंच, की यापुढे सिम्युलेटर घेताना किती नग आले हे मोजताना सामानाची मालकीही मोजावी. मूळ फायली मिळाल्या का, त्या सर्वांना उघडता येणाऱ्या स्वरूपात आहेत का, आणि दुसऱ्या शस्त्राच्या सरावात त्या वापरायचा हक्क लेखी आहे का. हे करार होण्याआधी विचारायचे प्रश्न आहेत. सही झाल्यावर त्यांची किंमत वेगळी लागते.

भाच्याला मी म्हटलं, तुझं निम्मं बरोबर होतं. समुद्र तोच, जहाजं तीच, ती पुन्हा विकत घ्यायला लागू नयेत. पण राफेलचा दांडा मिगचा नाही, म्हणून खुर्ची नवी लागणारच. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग त्या समुद्राच्या फायली आपल्याकडे असतील, तर त्यात झुवारीचा पूल घालायचं काम इथल्या पोरांना मिळेल ना मामा?" मी उत्तर देणार तेवढ्यात काचा थरथरल्या.